शकू, आधारचा फोटो काढला

शकू, तेरावा आटोपला. मांडव सोडला, भाड्याची भांडी परत गेली, पाहुणे आपापल्या गाडीला लागले. आपली वर्षा आत आडवी झालीय, दुपारचीच. मी तुझ्या कंप्युटरसमोर तुझ्या खुर्चीत बसून राह्यलो. तू असतीस तर म्हणाली असतीस, "उठा तिथून, त्या गादीला माझं वळण पडलंय." उठतो. पण आधी सांगायचं ते सांगून घेतो, कारण इतक्या दिवसांत माझं कुणी ऐकूनच घेतलं न्हाई. जो आला तो मलाच सांगून गेला. धीर धरा. देवाची मर्जी. बाया तर "अहेव गेली, भाग्याची" म्हणून डोळे पुसून राह्यल्या होत्या. भाग्य कुणाचं आणि कशाचं, ते मला विचारायचं कुणाला सुचलं न्हाई. मला धीर-बीर काही नको होता. मला कुणाशी तरी मनसोक्त भांडायचं होतं, आणि ती एक सोय तू सोबत घेऊन गेलीस.

पहिले फोटोचं सांगतो. दवाखान्यात तुझं आधार कार्ड मागितलं, ते दिगंबरच्या खिशातच राहिलं. तुझा भाऊ कामाला वाघ आहे, हे तुला माहीतच आहे. कुणाला काही न विचारता तो ते कार्ड घेऊन फ्रेमवाल्याकडं गेला आणि त्यातला फोटो मोठा करून, हार घालून घेऊन आला. मी स्मशानातून येऊन पाय धुतले, आत बघतो तर भिंतीला टेकून तू बसलेली. डोळे वटारलेले, मान आखडलेली, तोंड असं की कुणी तुझ्या हातातली पिशवी ओढून पळालंय. ते कार्ड आलं तेव्हा तू काय म्हणली होतीस, विसरलो न्हाई मी. "मेल्यावर हा फोटो लावला तर याद राखा. स्वतः येऊन उतरवीन."

खरं सांगू? मी वाट बघितली. बायामाणसं बसलेली, कुणी तुझ्या मोठेपणाचं सांगून राह्यलंय, आणि माझं ध्यान त्या फ्रेमकडं. ये की मंग. उतरव की.

आणि चांगला फोटो होता, हे मला माहीत होतं. म्हणून जीव जास्त जळायचा. तुझ्या भाचीचं लग्न झालं पिंपळगाव रेणुकाईला. मी गुडघे धरून घरी बसलो, तू गेलीस. आल्यावर मोबाइल भरला म्हणून सगळे फोटो कंप्युटरात टाकलेस आणि मोबाइलमधून पुसलेस. मंग मला हाक मारलीस. "अहो, इकडं या जल्दी. माझा असा फोटो आजवर कुणी काढला न्हाई. बघाच." मी चहाचा कप घेऊन आलो, तुझ्या मागं उभा राहिलो. तू फोल्डरवर टिचकी मारलीस. पडदा पांढरा झाला आणि ते गोल चाक गरगर फिरून राह्यलं. तू म्हणालीस, थांबा, येईल. आपण थांबलो. चहा संपला. चाक फिरतच होतं. मी म्हटलं, "भंगारात घाल हे एकदाचं." तू म्हणालीस, "राहू द्या, नंतर दाखवीन."

ते नंतर राहूनच गेलं. एका सकाळी छातीत दुखतंय म्हणालीस, ऑटोत स्वतःच्या पायानं चढलीस, आणि मी दवाखान्याच्या दारात ऑटोवाल्याशी बोलून राह्यलो होतो तोवर सगळं आटोपलं.

तर शकू, मला तो फोटो पाहिजे होता. तेराव्याच्या आत पाहिजे होता. दुसरं काही माझ्या हातात उरलं नव्हतं.

वर्षा नाशिकहून आल्ती तशीच, दोन साड्या पिशवीत कोंबून. रडून रडून तिचे डोळे सुजलेले, पण मी कंप्युटरचं काढलं तशी उठून बसली. तिलाही काहीतरी काम पाहिजे होतं. सकाळी लोक यायच्या आत आम्ही बाप-लेक इथं बसायचो. ती फोल्डर उघडायची, चाक फिरायचं, सगळं जागच्या जागी गोठायचं. माउसचा बाणसुद्धा हलायचा न्हाई. बटण दाबून बंद करायचं, पुन्हा चालू करायचं. तोवर कुणीतरी दारात यायचं आणि मी जाऊन पुन्हा मान खाली घालून बसायचो.

गंमत बघ, तेराव्याची चिठ्ठी ह्याच्यावर लिहायला घेतली तर हा शहाण्यासारखा चालायचा. पत्ते खेळा, चालायचा. फक्त फोल्डर उघडलं की बसला. मी वर्षाला म्हटलं, "मी तुझ्या आईला हेच सांगून राह्यलो होतो. तिच्या फोल्डरांनी ह्याचं पोट फुटलंय." वर्षानं पुन्हा बंद-चालूचं बटण दाबलं.

आपलं ते भांडण आठवतं ना? अख्ख्या मस्तगडातल्या पोरापोरींचे बायोडाटे तू इथं बसून केले. गल्लीतली कुणाची पोरगी लग्नाला आली की आई तिला घेऊन तुझ्याकडं. तू तिचा फोटो काढायचीस, उजेड नीट येत न्हाई म्हणून तिला खिडकीत उभं करायचीस, केस मागं घ्यायला लावायचीस, आणि एकाच पोरीचे इतके फोटो काढायचीस की ती बिचारी घामाघूम. त्यातला एक निवडायचा, बाकीचे कशाला ठेवायचे? मी म्हणायचो डिलीट कर. तू म्हणायचीस न्हाई. लग्न होऊन त्यांना लेकरं झाली तरी त्यांचे फोल्डर तसेच. एवढंच काय, त्या कोपऱ्यावरच्या काकांनी पेन्शनसाठी काढून घेतलेल्या फोटोचं फोल्डर ते गेल्यावरही ठेवलंस. मी म्हटलं, आता कुणासाठी? तू माझ्याकडं असं बघितलंस, जसं मी काहीतरी घाणेरडं बोललो. "माणूस गेलं म्हणून काय, आपण त्याला आणखी पुसायचं?"

ते वाक्य मला आत्ता आठवू नये असं वाटतं, पण आठवतंय.

आणि कंप्युटर का अडकतो, त्याचं तुझं कारण वेगळंच. "त्याला दम लागतो," म्हणायचीस. "केवढा गरम झालाय बघा. कूलरचं तोंड जरा इकडं करा." मी हसायचो. सळईच्या कारखान्यात वजनकाट्यावर जन्म गेला माझा, ट्रकवाल्यांच्या आवाजावर आवाज चढवून बोलायची आदत. मी तुला ओरडून सांगायचो की मशीनला दम-बिम लागत नसतो, तुझे फोल्डर कमी कर. तू घरातला एकुलता एक कूलर ओढत त्याच्यासमोर नेऊन ठेवायचीस आणि मी घामात बसायचो. दोघांनाही एकमेकांचं पटलं न्हाई ते न्हाईच.

असो. वर्षानं फोनवर कुणाला तरी विचारलं आणि चित्रं बंद करून नुसती नावं दिसतील असं केलं. काय सांगू, फोल्डर उघडलं! आम्ही दोघंही एकमेकांकडं बघत राहिलो. पण नावं कसली, नुसते आकडे. ह्या आकड्यांत माझी बायको कुठं आहे, ते कसं कळणार? एकेक उघडून बघायला लागलो. पहिल्यांदा निघाली एक पोरगी, खिडकीत उभी. मंग तीच पोरगी, केस मागं. मंग तीच, केस पुढं. मंग एक टक्कल पडायला लागलेला नवरदेव, त्याचं टक्कल लपावं म्हणून तू कॅमेरा खाली धरलेला. वर्षाला हसू फुटलं. सुतकाच्या घरात हसली म्हणून मीच दार लोटून घेतलं. मंग मलाही आलं. पण तू काही सापडेनास. आणि असे पाच-पन्नास उघडले की पुन्हा आपला तो पांढरा पडदा.

दुकानवाल्याला फोन केला. तो म्हणाला, "काका, आणून टाका. पण फॉरमॅट मारावं लागंल, डेटाची गॅरंटी न्हाई." फॉरमॅट म्हणजे सगळं पुसायचं, हे मला कळतं. मी म्हटलं, बाबा, माझ्या बायकोचा फोटो आहे त्याच्यात. तो म्हणाला, "दुसरा न्हाई का एखादा?" मी फोन ठेवून दिला. त्याच्यावर चिडायचीसुद्धा ताकद उरली नव्हती.

दिगंबर म्हणाला, "दाजी, जाऊ द्या ना. हा फोटो काय वाईट आहे? ताईच दिसतीय बराबर." मी म्हटलं, तुला ताई दिसत असंल, मला तर ती पिशवी चोरीला गेलेली बाई दिसतीय. पिंपळगावलाही त्यानं फोन लावून पाहिला. लग्नाचे फोटो अजून फोटोवाल्याकडंच, पैसे-अल्बम सगळं राहिलंय म्हणे. ज्यांनी मोबाइलवर पाठवले त्यांच्या फोटोत तू कुठं अर्धी, कुठं पाठमोरी, कुठं नुसता पदर.

शेजारच्या बिल्कीस आपा रोज सकाळचा चहा घेऊन यायच्या, चूल बंद होती तोवर तर दोन्ही वेळचं जेवणही त्यांच्याच घरून. त्या दिवशी कप ठेवला आणि इथंच दारात टेकल्या. "भाईसाब, मिला क्या फोटू भाभी का?" मी मान हलवली. त्या म्हणाल्या, "मेरे भांजी का बायोडाटा बनाए थे भाभी, याद है? ऊपर खुद होके बिस्मिल्लाह डाले थे. मैं बोली भी नहीं थी." एवढं बोलून त्या तोंडाला ओढणी लावून रडायला लागल्या. वर्षाही सुरू झाली. ती रडता रडता खाली बसली आणि त्या सीपीयूच्या डब्यावर तिनं डोकं टेकलं.

टेकलं आणि झटक्यात उचललं. "पप्पा! हे तर तापलंय."

हात लावून बघितलं. तव्यासारखा तापलेला. आणि आतून कर्र कर्र आवाज, मधेच थांबायचा, मधेच यायचा. हा आवाज मी कितीक महिने ऐकून राह्यलो होतो. ह्या खोलीत कर्र सुरू झालं की मला बाहेर कळायचं, शकू बसली कामाला. त्याच्यात काही बिघाड आहे असं कधी डोक्यातच आलं न्हाई.

मी वायर काढली, पेचकस आणला, बाजूचा पत्रा खोलला. बिल्कीस आपांनी मोबाइलची बत्ती धरली. वर्षा वाकली आणि तशीच राहिली. मी म्हटलं, काय झालं गं? ती म्हणाली, "पप्पा, अक्षता."

अक्षता, शकू. लाल, कुंकवाच्या. पंख्याच्या पात्यांत, त्याच्याखालच्या पत्र्यांच्या फटीत, सगळीकडं. काही ताज्या, काही वाळून काळ्या पडलेल्या. कुंकू आणि धूळ मिळून त्याचा थर बसलेला. झेंडूच्या पाकळ्या. आणि एका कोपऱ्यात मेलेल्या मुंग्या, त्या अर्थातच पेढ्याच्या, कारण तू कंप्युटरलाही नैवेद्य दाखवायचीस. दाणे पात्यांत अडकून पंखा नुसता थरथरायचा.

मी तिथंच फरशीवर बसलो.

दरवर्षी खंडेनवमीला तू घरातलं सगळं लोखंड पुजायचीस. विळी, माझा पाना, शिलाई मशीन आणि हा. बाकीच्यांना नीट गंध-फूल. ह्याची पाळी यायची तोवर तू ही खोली पुसून काढलेली असायची, फरशी ओली. मंग उंबऱ्यात उभी राहूनच मूठ भरून अक्षता फेकायचीस. नेम मात्र बराबर. डब्याच्या वरच्या जाळीवर. मी एकदा म्हटलं होतं, अगं जवळ जाऊन टाक. तू म्हणालीस, "जवळून काय कुणीही टाकतं."

वर्षानं मला समजावून सांगितलं. फोल्डर उघडलं की ह्याला आतल्या प्रत्येक फोटोचं छोटं छोटं चित्र काढून दाखवावं लागतं. तेव्हा त्याला जोर पडतो, तो तापतो. पंखा फिरला तर थंड होतो. पंखा अडकलेला, म्हणून तो गोठून जायचा. म्हणजे बघ, दुखणं तू बराबर ओळखलं होतंस. दम लागायचा त्याला. आणि तो दम लावलाही तूच होतास, दर खंडेनवमीला. आता सांग कोण जिंकलं? मी म्हणत होतो सगळं तुझ्यामुळं, ते खरं निघालं. तू म्हणत होतीस फोल्डरांमुळं न्हाई, तेही खरं निघालं. इतकं मस्त भांडण, शकू. आठवडाभर पुरलं असतं. मी हसायला लागलो आणि मला ते थांबवता येईना, आणि पुढं ते हसू राहिलं न्हाई. बिल्कीस आपा वर्षाला म्हणाल्या, "रोने दे बेटा, अच्छा है. पहली बार रो रहे."

ब्रशनं, काडीनं, तुझ्या हळदी-कुंकवाच्या चमच्याच्या दांड्यानं, जे सापडलं त्यानं दाणे काढले. टाकवेनात. वाटीत ठेवले. पत्रा लावला, वायर लावली, बटण दाबलं. पंखा फिरला. आवाजच न्हाई. मी कान लावून बघितलं तरी न्हाई. घर एवढं चुप झालं की बाहेर रस्त्यावरचा धान्याचा हातगाडा ऐकू आला. मला वाटलं, उगाच दुरुस्त केला.

फोल्डर उघडलं. लहान लहान चित्रं भराभर येत गेली, जसं काही कधी अडकलंच नव्हतं. पोरी, पोरं, टकले, चष्मेवाले, लग्न झालेले, मोडलेले, गेलेले. अख्खी गल्ली. आणि मंग पिंपळगावचा मांडव.

वर्षानं एकावर बोट ठेवलं. मोठा केला.

तू शेवटच्या ओळीत. पुढं सगळी डोकी, पाठमोरी, फेटे आणि गजरे. नवरा-नवरी कुठं तरी दूर. पदर कमरेला खोचलेला, चष्मा कपाळावर सरकलेला, टाचा उचललेल्या, आणि उजवा हात मागं नेऊन तू अक्षता फेकतीयस. तोंड उघडं, दात दिसून राह्यलेत, बहुतेक ओरडतीयस पुढच्याला "सरक की जरा!" म्हणून. लग्नात मागचे लोक अक्षता टाकतात त्या पुढच्यांच्या टकुऱ्यावर पडतात, हे तुला आयुष्यभर पटलं न्हाई. "पोचल्याच न्हाईत तर आशीर्वाद कसला?" म्हणायचीस. आपण कुठल्याही लग्नाला गेलो की मी लाजून दोन हात लांब उभा राहायचो. हा फोटो तुला आवडला होता. हाच. साडी नीट असलेला न्हाई, देवीसमोर हात जोडलेला न्हाई. हाक मारून मला हा दाखवायचा होता.

बघितला, शकू. उशीर झाला, पण बघितला. छान दिसतेस. चहा घेऊन मागं उभा होतो तेव्हा हा उघडला असता तर मी बहुतेक म्हणालो असतो, जरा तरी नीट उभं राहायचं. हे आत्ता म्हणून राह्यलो ते तेव्हा म्हटलं नसतं. म्हणून कधी कधी वाटतं, बरं झालं गोठला तो. मंग वाटतं, बरं काय झालं त्याच्यात?

दिगंबरनं पुन्हा काढलंच. "दाजी, असा फोटो लावत नसतात. माणूस समोर बघताना पाहिजे, शांत." मी म्हटलं, तुझी बहीण शांत कधी बघितलीस तू? तो गेला आणि मोठा करून घेऊन आला. काच त्यानंच पुसली. नवा फोटो लावून झाल्यावरही तो ती काचच पुसून राह्यला होता, तेव्हा मला त्याचीही दया आली. आधारचा फोटो मी स्वतः काढला. तू येऊन काढायचं म्हणली होतीस, पण चालंल, एवढं मी करू शकतो.

आज लोक फूल वाहायला वाकले की पहिले दचकायचे, कारण वाटायचं बाई आपल्यालाच काहीतरी फेकून मारून राह्यली. आणि मंग जो तो हसायचा. तुझ्या तेराव्याला लोक हसले, शकू. काहींनी बाहेर जाऊन डोळे पुसले, पण हसले आधी.

आता सगळे गेले. मी थकलो. झोपायचंय, पण झोप येत न्हाई, आणि उद्या सकाळी उठून करायचं काय, ते मला माहीत न्हाई. वर्षा आता परवा जाईल. ह्या घरात मी आहे, हा कंप्युटर आहे आणि अख्ख्या गल्लीचे फोटो. एकही पुसणार न्हाई, काळजी करू नको.

ती वाटी अजून इथंच आहे. धूळ चाळून अक्षता वेगळ्या केल्यात मी. वर्षा म्हणाली नदीत सोडा. मी म्हटलं, बघू.

आत्ता उठलो, वाटी घेतली आणि भिंतीवरच्या तुझ्या फोटोकडं तोंड करून उंबऱ्यात उभा राहिलो. फरशी वाळलेली होती, जवळ जाता आलं असतं. न्हाई गेलो. पहिली चिमूट मधेच सांडली, गुडघा धरून उभं राहावं लागतं आता. दुसरी भिंतीला लागली. तू फोटोतून तशीच हात उगारून हसतीयस. तिसऱ्यांदा मी चष्मा वर सरकवला, हात मागं नेला आणि जोरात फेकली. काचेवर टिक् वाजलं.

पोचली, शकू.